घरची वीज आणि गांवची वीज



१२ ऑक्टोबर २०२० रोजीं, सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास, मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या वाटेंतच थांबल्या. कचेऱ्यांतील पंखे फिरावयाचे राहिले आणि घरोघर माणसें बाहेर येऊन शेजाऱ्यांस विचारूं लागलीं, ‘तुमच्याकडेही गेली काय?’ वीज टप्प्याटप्प्यानें परत येण्यास कित्येक तास लागले. त्या दिवशीं ज्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेलें होतीं, परंतु बॅटरी नव्हती, त्यांचेही पंखे इतरांच्या पंख्यांबरोबरच थांबले. दिवसाचा प्रकाश पॅनेलांवर पडत होता आणि खालीं घर मात्र विजेवांचून राहिलें होतें. दारीं विहीर असून घरांत घागर कोरडी राहावी, तशांतला हा प्रकार!

पुष्कळांना हा यंत्राचा दोष वाटतो. वस्तुतः तो दोष नव्हे. ती जाणूनबुजून घातलेली मर्यादा आहे, आणि तिच्या मुळाशीं एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. ती मर्यादा कोणती, आणि बॅटरी जोडलेला सौर संच ती न मोडतां घरांत दिवा कसा लावतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम विजेच्या दोन जाती ओळखून घेतल्या पाहिजेत. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. तिला दिष्ट प्रवाह म्हणतात. बॅटरींत सांठविलेली वीजही त्याच जातीची. उलट, खांबावरून घरांत येणारा प्रवाह सेकंदांत पन्नास वेळां पुढें-मागें हेलकावे घेतो. तो प्रत्यावर्ती प्रवाह होय. घरगुती जोडणींत त्याचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्झ असते. एका पूर्ण हेलकाव्याला २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. पॅनेलांच्या सरळ विजेला असे हेलकावे देऊन घराजोगी करणें, हें इन्व्हर्टरचें काम.

आतां आषाढी वारीची दिंडी डोळ्यांपुढें आणावी. पखवाजाच्या ठेक्यावर सारे टाळकरी एकसारखे टाळ वाजवीत चाललेले असतात. नवा टाळकरी मध्येंच दिंडींत शिरला, तर तो आपला निराळा ठेका धरीत नाहीं. चाललेला ठेका कानानें टिपतो आणि त्यांत आपला टाळ मिळवितो. बॅटरी नसलेल्या सौर संचांतील इन्व्हर्टर हा असाच टाळकरी आहे. तारांच्या जाळ्यांतून येणारा ठेका तो ऐकतो व त्याच्याशीं मेळ राखून आपली वीज त्यांत सोडतो. ही दिंडी लहानसहान नव्हे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या तारमार्गानें दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं जोडलें गेलें, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा विजेचा ठेका एक झाला. पंढरपूर ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला ही गांठ आली, हा एक मौजेचा योगायोग. परंतु दिंडीच थांबली, म्हणजे या टाळकऱ्याला ऐकावयास कांहीं उरत नाहीं, आणि तोही स्तब्ध होतो.

तो स्तब्ध झालाच पाहिजे, हें कां, तें समजण्यासाठीं मुंबई सोडून कोंकणांत जावें लागेल. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा मोडल्या, कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले. रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक गांवांना दिवसानुदिवस अंधारांत काढावे लागले. अशा एखाद्या गांवांतील एक घर कल्पनेनें उभें करावें. छपरावर पॅनेलें आहेत. घरांत एक वृद्ध आजी आहेत. त्यांना मधुमेह आहे. त्यांचें महिन्याचें इन्शुलिन फ्रिजमध्यें ठेविलेलें आहे, आणि तें २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत राहणें अवश्य आहे. सून दर तासाला फ्रिजचें दार किंचित् उघडून आंत हात घालून पाहते आणि घाईनें लावून घेते. घरापासून शंभर पावलांवर एक खांब आहे, आणि त्या खांबावर वायरमन चढलेला आहे. डीपीवरील पुरवठा त्यानें बंद केला आहे. तार निर्जीव आहे, अशा भरंवशावर तो तिला हात घालणार आहे.

याच क्षणीं जर त्या घरांतील इन्व्हर्टरनें छपरावरची वीज बाहेर तारेवर सोडली, तर काय होईल? वायरमनच्या हातांतील तार सजीव होईल. एवढ्यावरच भागत नाहीं. गांवचा ट्रान्स्फॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती करतो. परंतु ट्रान्स्फॉर्मरला उलट-सुलट बाजू ठाऊक नसते. घरगुती बाजूनें दाब दिला, तर तोच दुसऱ्या बाजूस चढून हजारों व्होल्टांचा होऊं शकतो. मग या गल्लींतील विजेचा धोका दूरच्या शेतांत तार ओढणाऱ्या माणसालाही पोहोंचतो. काम करण्यापूर्वीं तार तपासावी आणि ती जमिनीशीं जोडून घ्यावी, असा दंडक आहेच. तथापि वादळानंतरच्या धांदलींत, भर पावसांत, दिवसभर उपाशी राबणाऱ्या माणसाच्या एका दंडकावर सगळी भिस्त टाकणें न्यायाचें नाहीं. म्हणून ही जबाबदारी यंत्रावरही घातलेली आहे.

केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें २०१३ सालीं जे नियम केले, त्यांत हें स्पष्ट आहे. मुख्य जाळ्यापासून तुटलेला, परंतु घरच्या विजेवर जिवंत राहिलेला तारांचा तुकडा म्हणजे जणुं एक बेट. असें बेट नकळत तयार झालें, तर घरच्या संचानें दोन सेकंदांच्या आंत त्याला वीज देणें थांबविलें पाहिजे. याखेरीज एक हातानें चालणारा स्विच असावा, तो कर्मचाऱ्यांच्या हाताशीं कोणत्याही वेळीं यावा, उघडा कीं बंद हें त्यावरून डोळ्यांनीं दिसावें, आणि उघड्या स्थितींत त्याला कुलूप घालतां यावें, अशीही योजना आहे.

आतां, वीज गेली हें यंत्राला कळतें कसें? बहुतेक वेळां तें सोपें असतें. तारेवरचा दाब कोसळतो किंवा वारंवारता ढळते, आणि इन्व्हर्टर तें तत्काळ ओळखतो. परंतु कधीं कधीं फसगत होण्यासारखी स्थिति येते. छपरावर जितकी वीज निघत आहे, नेमकी तितकीच आसपासच्या घरांत खपत असली, तर मुख्य पुरवठा तुटूनही दाब व वारंवारता कांहीं काळ जागच्या जागीं राहतात. हा चकवा ओळखण्यासाठीं इन्व्हर्टर एक युक्ति करतो. तो आपला ठेका अधूनमधून किंचित् पुढें रेटून पाहतो. मोठ्या दिंडींत एका टाळकऱ्यानें घाई केली, तर दिंडी आपली चाल सोडीत नाहीं. त्यालाच मागें यावें लागतें. पण दिंडी केव्हांच पुढें निघून गेली असेल आणि आसपास चारच माणसें उरलीं असतील, तर तीं त्याच्या घाईबरोबर धांवूं लागतात. आपण रेटतांच ठेका सरकला, म्हणजे इन्व्हर्टर समजतो कीं जाळें तुटलें आहे, आणि तो आपली वीज थांबवितो.

मुंबईंतील त्या सकाळचें कोडें येथें सुटतें. छपरावरच्या विजेला घर उजळतां आलें नाहीं, कारण घर आणि रस्ता यांच्यामध्यें तिला अडविणारें दार नव्हतें. दार नसेल, तर घरांत दिवा लावणारी वीज बाहेरही जाणारच. तेव्हां गप्प बसणें एवढाच मार्ग तिच्यापुढें होता.

बॅटरीचा संच घेणें, म्हणजे नुसता सांठा घेणें नव्हे. हें दार घेणें होय. महाराष्ट्रांत भारनियमनाच्या वर्षांत जो साधा इन्व्हर्टर घरोघर आला, त्यांतही त्याचें लहान रूप होतें. वीज असतांना ती त्या पेटींतून दिव्यांकडे जाई आणि जातां जातां बॅटरी भरी. वीज गेली, कीं आंतील रिले ‘टक्’ असा आवाज करून उलटे आणि दिवे बॅटरीवर येत. आतांच्या सौर संचांत तोच रिले अधिक जबाबदारीचा झाला आहे. मीटर आणि घर यांच्यामध्यें तो बसतो, आणि वीज जातांच कामें अशा क्रमानें घडतात. पहिलें, बाहेरची वीज गेल्याची खात्री. दुसरें, रिले उघडून घर रस्त्यापासून तोडणें. तिसरें, तो खरोखरच उघडला, हें पाहणें. आणि चौथें, मगच बॅटरींतील वीज घरांत सोडणें. यांतील पहिलें तें पहिलें आणि शेवटचें तें शेवटचेंच राहिलें पाहिजे. तोडणें आधीं, उजळणें मागून.

हें सारें किती वेळांत होतें? चांगल्या संचांत साधारणतः १० ते २० मिलिसेकंदांत. म्हणजे मघां सांगितलेला विजेचा एक हेलकावा पुरा होतो न होतो, इतक्यांत. पंख्याला तें कळतही नाहीं. चालू असलेला संगणक बहुधा तसाच चालूं राहतो, कारण त्याच्या आंतील वीजसंचांत तेवढ्या क्षणापुरती शिदोरी असते. कांहीं संचांना याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. तेथें दिवे डोळा मिटल्यासारखे होऊन पुन्हां लागतात आणि संगणक नव्यानें सुरू करावा लागतो.

दार बंद झाल्यावर इन्व्हर्टरची भूमिकाच पालटते. आतां ऐकावयास बाहेरचा ठेका नाहीं. म्हणून टाळकऱ्यानें पखवाज गळ्यांत घ्यावा, तसें त्याला स्वतः ठेका धरावा लागतो. ५० हर्ट्झ व २३० व्होल्ट हीं दोन्ही तोच राखतो. यासाठींच बॅटरी हवी. ढग आला, कीं पॅनेलांची वीज क्षणांत निम्म्यावर येते. ऊन पडलें, कीं पुन्हां उसळते. फ्रिज चालूं होतांना एकदम अधिक मागतो. या चढउतारांत बॅटरी कमी पडलें तें देते आणि जास्त झालें तें घेते. तिच्याविना ठेका स्थिर राहणें कठीण.

आणखी एक बारीक काम त्याच वेळीं होतें. घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं न्यूट्रल ही तार एऱ्हवीं ट्रान्स्फॉर्मरपाशीं जमिनीशीं जोडलेली असते. दार बंद करतांना दोन्ही तारा तुटल्या, तर हा आधारही तुटतो. आणि मग झटका बसल्यास वीज तोडणारें घरांतील संरक्षक उपकरण जसें चालावें तसें चालेनासें होतें. म्हणून चांगल्या संचांत, घर वेगळें होतांच न्यूट्रल व घरची अर्थिंग यांची गांठ आंतल्या आंत बांधली जाते, आणि बाहेरची वीज आल्यावर ती सोडली जाते. संच बसवितांना ही गांठ कोठें व कशी पडते, हें जाणकार कारागिराकडून अवश्य समजून घ्यावें.

बॅटरी ही कणगी आहे, आड नव्हे. ५ युनिट सांठ्याची एक बॅटरी घेऊं. ती पूर्ण रिकामी करणें हितावह नाहीं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरींतून ८० टक्के काढले, तर ४ युनिट; आणि इन्व्हर्टरच्या वाटेवर दहावा हिस्सा खर्ची पडला असें धरलें, तर ३.६ युनिट हातीं येतात. शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरींतून मात्र निम्म्याहून अधिक काढूं नये, म्हणजे ती टिकते. आतां खर्च पाहावा. ९ वॅटचे चार दिवे ३६ वॅट, ७५ वॅटचे दोन पंखे १५० वॅट, लहान फ्रिजचे सरासरीनें ४० वॅट, आणि फोन व इंटरनेटची पेटी मिळून १४ वॅट. एकूण २४० वॅट. या हिशेबानें ३.६ युनिट १५ तास पुरतात. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीं चांगलें ऊन पडेपर्यंतची ही बेगमी झाली. परंतु त्याच बॅटरीवर २,००० वॅटचा गीझर लाविला, तर दोन तासांच्या आंतच कणगी रिकामी. विहिरीवरच्या पंपाची मोटर तर सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि लहान इन्व्हर्टर तिच्यापुढें बंदच पडतो. याकरितां घराच्या फळ्यावर दोन वांटे करण्याची पद्धति आहे. अडचणींत जें चाललेंच पाहिजे तें एका बाजूस, आणि ज्याच्यावांचून भागेल तें दुसऱ्या बाजूस. वर सांगितलेल्या घरीं आजींचा फ्रिज पहिल्या बाजूस हवा, हें सांगावयास नकोच.

उलट अडचणही येते. बाहेरची वीज नाहीं, ऊन कडक आहे, बॅटरी भरली आहे, आणि घरांत दोनच पंखे चालूं आहेत. जास्तीची वीज जावयाची कोठें? रस्त्याचें दार तर बंद. जेथें बॅटरीचा व पॅनेलांचा इन्व्हर्टर निरनिराळा असतो, तेथें बॅटरीचा इन्व्हर्टर घरांतला ठेका ५० हर्ट्झहून थोडा वर चढवितो. ती खूण ओळखून पॅनेलांचा इन्व्हर्टर आपली वीज कमी करतो किंवा थांबवितो. दोघांमध्यें एक शब्दही न बोलतां हा व्यवहार होतो.

शेवटीं बाहेरची वीज परत येते. येथें उतावीळ होऊन चालत नाहीं. नुकतीच आलेली वीज पुन्हां जाण्याचा संभव असतो, आणि वादळाच्या दिवसांत हा अनुभव सर्वांना आहे. २०१३ च्या नियमांत बाहेरचा दाब व वारंवारता मर्यादेंत येऊन निदान ६० सेकंद स्थिर राहिल्यावांचून संचानें पुन्हां जोडूं नये, असें सांगितलें आहे. तेवढ्यानेंही भागत नाहीं. घरचा हेलकावा आणि बाहेरचा हेलकावा हे एकाच क्षणीं वर व एकाच क्षणीं खालीं जावयास हवेत. हलत्या झोपाळ्यावर बसावयाचें, तर त्याच्या चालीशीं आपली चाल जुळवून बसावें लागतें; नाहीं तर दोघांनाही धक्का बसतो. इन्व्हर्टर आपला ठेका हळूहळू बाहेरच्या ठेक्याशीं जुळवून आणतो आणि मगच रिले मिटतो. पखवाज खालीं ठेवून तो पुन्हां टाळकरी होतो.

वीज जाणें हा अपवादाचा प्रसंग. रोजच्या दिवशीं हाच संच निराळा हिशेब करीत असतो. पॅनेलांची वीज आधीं घराला, उरली तर बॅटरीला, त्याहून उरली तर जाळ्याला, आणि तिची नोंद मीटरवर. सायंकाळीं प्रथम बॅटरी, ती संपत आली कीं बाहेरची वीज. बॅटरींतील कांहीं हिस्सा अडीअडचणीसाठीं राखून ठेवण्याची सोय संचांत असते. सायंकाळच्या चार पैशांच्या बचतीसाठीं हा राखीव हिस्सा शून्यावर आणूं नये. विशेषतः ज्येष्ठ-आषाढांत, कोंकणासारख्या भागांत, तो वाढवून ठेवणें शहाणपणाचें.

फेब्रुवारी २०२४ मध्यें ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली आणि ३ किलोवॅटच्या घरगुती संचासाठीं ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यांत आलें. तेव्हांपासून छपरांवर पॅनेलें अधिकाधिक दिसूं लागलीं. यांतील बहुतेक संच बॅटरीवांचूनचे असतात. असा संच असलेल्या गृहस्थानें, वीज गेल्यावर पॅनेलें गप्प कां, म्हणून त्यांत खटपट करूं नये. लहान जनरेटर आणून त्याची तार घरांतल्या प्लगमध्यें खोचणें, किंवा ओळखीच्या कारागिराकडून इन्व्हर्टरला ‘फसवून’ चालूं करून घेणें, हे उद्योग तर कधींच करूं नयेत. त्या युक्तीनें घरांत चार दिवे लागतील. परंतु मध्यें दार नसल्यानें तीच वीज बाहेर जाऊन खांबावरच्या माणसाला गांठील. ज्याला अंधारांत वीज हवी, त्यानें बॅटरी घ्यावी, आणि घेतांना एकच प्रश्न प्रथम विचारावा: ‘वीज गेल्यावर माझें घर रस्त्यापासून तुटतें कसें, तें दाखवा.’ ज्याला याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून संच घेऊं नये.

आतां पुन्हां त्या वादळांत सांपडलेल्या घराकडे वळावें. रात्र पडली आहे. घर रस्त्यापासून तुटलेलें आहे, म्हणूनच आंत दिवा आहे, फ्रिज घरघरतो आहे आणि सुनेनें त्याचें दार उघडून पाहणें थांबविलें आहे. बाहेर काळोखांत, विजेरीच्या उजेडांत, वायरमन अजून काम करीत आहे. त्याच्या हातांतील तार निर्जीव आहे, ती त्या घरानेंही निर्जीवच ठेविली आहे. थोड्या वेळानें तो खालीं उतरेल, पायांतील चिखल झाडील, आणि उजेड दिसतो त्या घरीं तांब्याभर पाणी मागावयास येईल.